पुढारी आपला असला तरी कागद बघा

गावात कोणी उठून म्हणालं की या कामात पैसे खाल्ले, की तुम्ही पहिलं काय विचारता? 'हा कोणत्या पार्टीचा?' मग, 'याला कोणी उभं केलं?' कामाचं काय झालं हे विचारायची पाळी येतच नाही.

पुढाऱ्यांवर तुमचा फार विश्वास आहे असंही नाही. चौफुलीवर चहा घेताना सगळेच त्यांना नावं ठेवतात. पण तक्रार करणारा समोर आला की उलटतपासणी त्याचीच होते.

याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी अकरा हजारांवर घरकुलं बांधायची ठरवली. ठेकेदाराला आगाऊ पैसे दिले. घरं उभी राहिली जेमतेम दीड हजार. फेब्रुवारी 2006 मध्ये महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसात फिर्याद दिली. गैरव्यवहाराचा आकडा होता 29 कोटींचा.

लोकांनी कोणाचं ऐकलं? 2009 च्या निवडणुकीत शहराचे पुढारी सुरेशदादा जैन पुन्हा आमदार झाले. 2012 मध्ये याच घरकुल प्रकरणात त्यांना अटक झाली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं. जैन यांना सात वर्षं कैद आणि 100 कोटी दंड, माजी मंत्री गुलाबराव देवकरांना पाच वर्षं. या निकालावर वरच्या कोर्टात अपील झालं, ते कोर्ट बघेल. पण फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं गेली. ज्याला घर मिळायचं होतं तो तेवढी वर्षं पत्र्याखालीच राहिला, आणि या घरांसाठी हुडकोकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते शहराच्या तिजोरीतून जात राहिले.

मतदारांना दोष देण्यात अर्थ नाही. दादांनी कामं केली होती, ते लोकांना आपले वाटत होते. आयुक्त काय, आज इथे, उद्या बदली. अशा वेळी माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरच विसंबतो.

म्हणून तक्रार करणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मुळीच नाही. 2003 मध्ये अण्णा हजारेंनी चार मंत्र्यांवर आरोप केले. त्यात जैन होते, नवाब मलिक होते, पद्मसिंह पाटील होते आणि नंदुरबारचे विजयकुमार गावितही होते. जैन यांनी उलट अण्णांच्या संस्थांवर आरोप केले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या आयोगाने दोन्हीकडचं तपासलं. 2005 च्या अहवालात तीन मंत्र्यांवर ठपका आला, गावितांवर आला नाही. आणि अण्णांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर ट्रस्टचे 2 लाख 20 हजार खर्च झाले, त्यावरही आयोगाने बोट ठेवलं. कापूस विकताना व्यापारी नात्यातला असला तरी तुम्ही काटा बघताच ना? इथेही तसंच करा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो.

कोणी म्हणालं की रस्ता सहा इंचांऐवजी चार इंचच टाकला, तर त्याला हाकलू नका. बसवा. पाणी द्या. कागद काय आहे ते विचारा. कामाच्या फलकावर रक्कम, ठेकेदार, मुदत लिहिलेली असते, ती वाचा. फलकच नसेल तर तोही एक पुरावाच समजा. मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबाकडे पहिलं अपील करा. तिथेही दाद लागली नाही तर दुसरं अपील माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.

घरकुलाच्या यादीतून नाव गळालं असेल तर नुसतं सरपंचाशी भांडून उपयोग नाही. यादीची नक्कल घ्या, ठराव बघा.

एक सावधगिरी मात्र ठेवा. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला घाबरवायचं आणि मांडवली करून गप्प बसायचं, असा धंदा करणारेही आहेत. त्यांना ओळखणं अवघड नाही. खरा तक्रारदार कागद चारचौघांत दाखवतो. दुसरा फक्त 'माझ्याकडे सगळं आहे' म्हणतो, आणि महिन्याभरात त्याचा आवाज बंद होतो.

पुढाऱ्यालाही कागदच मागा. 'विरोधकांचं कारस्थान आहे' हे उत्तर होत नाही. किती पैसे आले, किती खर्च झाले, काम कुठे आहे, एवढंच सांगा म्हणावं.

आणि जो बोलला त्याला जपा. त्याचा व्हिडिओ, त्याचं नाव ग्रुपवर फिरवू नका. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार उघडे करत होते, जानेवारी 2010 मध्ये त्यांचा खून झाला. पुढच्याच वर्षी मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2014 मध्ये मंजूर केला, पण तो अजून लागूच केलेला नाही. म्हणजे आज तक्रार करणाऱ्याला आधार तुमचाच. तो तहसीलला निघाला तर दोघेजण सोबत जा. लाच मागितली असेल तर 1064 वर लाचलुचपत विभागाला कळवा.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. पुढच्या सभेला घरातल्या बायकांसह या. कोणी कागद घेऊन उभा राहिला तर त्याला पूर्ण बोलू द्या, आणि त्याचं म्हणणं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना सांगा. लिहिल्याशिवाय सह्या करू नका.