बाल्कनी आत घेण्याआधी हिशेब करा

सिंगापूरमधल्या आईबाबांनो, स्पष्टच लिहिते. टोरंटोच्या मावशीने काचेची सनरूम बांधली, म्हणून आपणही काँडोची बाल्कनी काचेने बंद करून मुलांची स्टडी करायची, हे खूळ आधी डोक्यातून काढा.

कॅनडात हिवाळ्यातलं ऊन कोवळं आणि तिरपं. काच ती ऊब आत धरून ठेवते, म्हणून तिथे ते शहाणपण आहे. आपण विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आत राहतो. इथे तीच काच भट्टी पेटवते. मग एसी, मग बिल, बाराही महिने.

"पण बाल्कनीचे पैसे मोजलेत ना, वाया का घालवायचे?" मी सीए आहे, म्हणून सांगते: मोजलेले पैसे काच लावून परत येत नाहीत, नवा खर्च मात्र नक्की होतो. शिवाय यूआरएच्या नियमांत बाल्कनीची खोली करता येत नाही. स्क्रीन चालते, पण मंजूर नमुन्याची, हवा खेळती ठेवणारी आणि पूर्ण उघडणारी. पुण्या-ठाण्यात "सगळेच आत घेतात" म्हणून खपून जातं. इथे काढून टाकायची पाळी येईल.

आणि मुलांचं काय? इथे लहानपणीच चष्मे लागतात. डॉक्टर रोज दोन तास बाहेर, उजेडात खेळवा म्हणतात. आपण काय देतोय? आणखी एक बंद खोली, आणखी एक टेबल!

अभ्यासाला डायनिंग टेबल पुरतं. बाल्कनीत तुळस लावा, आणि संध्याकाळी पोरांना खाली पिटाळा.