टीव्ही किती इंची घ्यावा? आधी अंतर मोजा

ईद जवळ आली, घराला नवा रंग लागला किंवा मुलाच्या हाती पहिला पगार पडला की नव्या टीव्हीचा विषय निघतोच. मुलगा म्हणतो पंचावन्न इंची घेऊ, अब्बा म्हणतात बत्तीस पुरे. अम्मीला काळजी असते भिंतीवरच्या फडताळाची. दादीची तक्रार वेगळीच असते. बातम्यांखालची धावती ओळ तिला वाचता येत नाही. मग वाद वाढतो आणि शेवटी शेजारच्या घरी जेवढा आहे तेवढा, किंवा दुकानदार गळ्यात मारेल तेवढा टीव्ही घरी येतो.

हा वाद मोजपट्टीने मिटू शकतो. भगिनींच्या शिवणाच्या डब्यातली टेप त्यासाठी पुरेशी आहे.

प्रथम, इंच म्हणजे काय ते पाहू. टीव्हीचे माप म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतची लांबी. भूमितीच्या तासाला आपण ज्याला कर्ण म्हणतो, तो हा. खोक्यावर तो सेंटीमीटरमध्येही छापलेला असतो. 80 सेंमी म्हणजे 32 इंची, 108 सेंमी म्हणजे 43 इंची. हल्लीच्या पडद्यांची रुंदी आणि उंची 16 ला 9 या प्रमाणात असते. त्यामुळे 43 इंची टीव्ही सुमारे 95 सेंमी रुंद आणि 54 सेंमी उंच भरतो. उंची कर्णाच्या जवळजवळ निम्मी, एवढे लक्षात ठेवले तरी चालेल. जुने डब्याचे टीव्ही 4 ला 3 या प्रमाणात होते, म्हणून तेव्हाच्या 29 इंचीतले चित्र आजच्या 32 इंचीपेक्षा उंचीला कमी नव्हते. "आकडा वाढला, पण माणसे लहान दिसू लागली," असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, त्यात तथ्य आहे.

आता अंतर. खोली दहा फुटांची असली म्हणजे आपण दहा फुटांवरून टीव्ही पाहतो, असे नाही. सोफ्याला टेकून बसलेल्या माणसाचे डोळे मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे असतात. टीव्ही भिंतीवर टांगला तर तो काही इंच पुढे येतो, टेबलावर ठेवला तर फूटभर. म्हणजे दहा फुटांच्या खोलीत खरे अंतर आठ फुटांच्या आसपास राहते. टेप धरायची ती डोळ्यांपासून पडद्यापर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत नव्हे. कोणी सोफ्यावर, कोणी पलंगावर, कोणी खाली गादीवर बसत असेल, तर रोज सर्वांत जास्त वेळ जिथून पाहिले जाते ती जागा धरावी.

तिसरी गोष्ट, घरात चित्र कोणते येते? डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता सर्वांनी पाहिला आहे. सहा मीटरवरून जी ओळ वाचता आली की नजर 6/6 ठरते, त्या ओळीतली अक्षरे सुमारे 9 मिलिमीटर उंच असतात आणि अक्षराच्या रेषेची जाडी त्याच्या एक पंचमांश. निरोगी डोळा साधारण इतकाच बारकावा वेगळा ओळखू शकतो. टीव्हीलाही हाच नियम लागू होतो. साध्या एसडी चित्रात उभ्या उंचीत 576 रेषा असतात, फुल एचडीत 1080 आणि फोर-के मध्ये 2160. पडद्याच्या उंचीच्या सहापट लांब बसले की एसडीच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि चित्र स्वच्छ वाटते. फुल एचडीला तिप्पट अंतर पुरते, फोर-केला दीडपट. याहून जवळ बसले तर चेहरे भुरकट दिसतात. बिघाड टीव्हीत नसतो, आपण त्या चित्राला गरजेपेक्षा मोठे करून पाहत असतो.

यावरून घरगुती हिशेब असा मांडता येतो. डोळ्यांपासूनचे अंतर इंचात मोजा. घरात बहुतेक वेळ फ्री डिश किंवा केबलच्या साध्या वाहिन्या लागत असतील, तर अंतराला तीनने भागा. एचडी वाहिन्या आणि इंटरनेटवरचे कार्यक्रम जास्त असतील, तर दोनने भागा. चित्रपटगृहासारखा मोठा पडदा हवा असेल, तर दीडने भागा. फोर-के टीव्ही असला तरी याहून मोठा घेऊ नये, कारण मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मान फिरवत बसावे लागते.

आठ फूट म्हणजे 96 इंच. तीनने भागले तर 32, दोनने 48, दीडने 64. सहा फुटांवरून पाहणाऱ्या घरात हेच आकडे 24, 36 आणि 48 येतात. दहा फुटांना 40, 60 आणि 80. म्हणजे आठ फुटांवर बसणाऱ्या घरात अब्बांचे बत्तीसही बरोबर आणि मुलाचे पंचावन्नही बरोबर. फरक फक्त कोण काय पाहतो एवढाच आहे. दोन्ही प्रकारची चित्रे लागणाऱ्या अशा घरात 43 इंची हा बहुधा सर्वांना चालणारा मार्ग ठरतो.

आणि दादी? तिच्यासाठी हिशेबापेक्षा प्रत्यक्ष परीक्षा बरी. आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून हे जरा जास्त जाणवते. बे, ते आणि से यांची बैठक एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. लांबून नुक्ता हरवला की शब्दच बदलतो. मराठीतल्या अनुस्वाराचेही तेच. तेव्हा टीव्ही पसंत करताना दादीला तिच्या नेहमीच्या अंतरावर बसवून धावती ओळ वाचायला सांगावी. वाचता आली नाही, तर एक माप मोठे घेण्याला आम्ही इस्राफ म्हणणार नाही. मात्र त्याआधी तिच्या चष्म्याचा नंबर बदलला आहे का, मोतीबिंदू आहे का, हे तपासून घ्यावे. डोळ्यांचा दोष मोठा पडदा भरून काढत नाही.

"टीव्हीपासून दहा फूट लांब बसा, डोळे जातील," हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात ऐकू येते. 1967 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही मोठ्या रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले होते. लांब बसण्याच्या सल्ल्याला त्यामुळे तेव्हा जोर आला. तो काळ काचेच्या पिक्चर ट्यूबचा होता. आजच्या एलईडी पडद्यात ती ट्यूबच नसते, त्यामुळे ती भीतीही उरलेली नाही. जवळून पाहिल्याने डोळे थकतात, चुरचुरतात, पण त्याने नजर कायमची जात नाही.

तरीही मूल सारखे पुढे सरकत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. वर्गात आम्ही हे अनेकदा पाहतो. मागच्या बाकावरची मुलगी फळ्यावरचे सोडून शेजारणीच्या वहीतले उतरवून घेते. तिला कोणी कॉपी करणारी म्हणते, कोणी आळशी. घरी विचारले की अम्मी सांगते, "काय करू सर, दिवसभर टीव्हीला नाक लावून बसते, रोज ओरडा खाते." चाचणी झाली की चष्म्याचा नंबर निघतो. लांबचे दिसत नाही म्हणून ती पुढे सरकत होती. टीव्हीने तिचे डोळे बिघडवले नव्हते, उलट डोळ्यांचा दोष टीव्हीपुढे आधी दिसून आला होता. अशा मुलांना ओरडून मागे बसवले की लक्षण तेवढे झाकले जाते, आणि मूल वर्षभर फळ्याकडे नुसते पाहत राहते. म्हणून मूल पुढे सरकले की त्याला आहे त्या जागेवरून पडद्यावरची अक्षरे वाचायला सांगा. अडखळले, डोळे बारीक केले, तर त्याच आठवड्यात डोळे तपासून घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा मुलाला शाळेत गैरहजर ठेवू नका. ही तपासणी मोफत असते.

टीव्ही लावण्याच्या उंचीचाही विचार हवा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावा. सोफ्यावर ही पातळी जमिनीपासून साधारण साडेतीन फूट, खाली बसल्यावर अडीच फूट. आपल्याकडे बहुतेक टीव्ही दरवाजाच्या चौकटीइतके उंच टांगलेले दिसतात आणि दोन तासांनी मान धरते. बाजूच्या भिंतीला टेकून बसायची सवय असेल, तर दुकानात बाजूने पाहून घ्यावे, कारण काही पडद्यांचे रंग बाजूने फिके पडतात. खिडकीच्या अगदी समोरची भिंतही टाळावी.

दुकानात आणखी एक काळजी घ्यावी. तिथे आपण चार फुटांवर उभे राहतो आणि पडद्यावर खास दाखवण्यासाठी केलेले झगझगीत चित्र चालू असते. आठ पावले मागे जावे आणि आपल्या घरी लागते ती साधी वाहिनी लावायला सांगावी.

पैसे देण्याआधी घरी एक सोपा प्रयोग करा. जुनी वर्तमानपत्रे चिकटवून 95 सेंमी रुंद आणि 54 सेंमी उंच कागद करा. हा झाला तुमचा 43 इंची टीव्ही. 55 इंचीसाठी 122 बाय 69 सेंमी. कागद भिंतीवर लावा, दोन दिवस राहू द्या आणि घरातल्या प्रत्येकाला आपापल्या जागेवर बसून पाहू द्या. कपाटाचे दार उघडते का, जायला-यायला वाट राहते का, हेही कळेल. त्या दोन दिवसांत दादी आणि धाकटी मुलगी, दोघींची नजरही एकदा तपासून घ्या.