मावशीचं नाव कर्नलला कशाला हवं?

ज्या माहितीच्या आधारे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, स्वतःला काही ठरवायचं नाही, ती माहिती कर्नलच्या गळ्यात मारू नये. फाइल कोणाची, ती कोणी वाचायची, एसई-लिनक्सचं सुरक्षेचं लेबल कोणतं, हे त्याने ठेवावंच. फाइल उघडू द्यायची की नाही हे त्याला ठरवायचं असतं. पण गाण्याचा राग कोणता, फोटोत डावीकडून तिसरी बसलेली मावशी कोण, पत्राला उत्तर गेलं की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही हे सारं फाइल सिस्टिममध्येच हवं म्हणून हटून बसणारे संपत नाहीत, आणि त्यांच्या हट्टाची किंमत तुम्ही-आम्ही मोजतो.

या मंडळींचं दैवत म्हणजे बीओएस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. डॉमिनिक जिआम्पाओलो आणि सिरिल म्युरिलॉन यांनी नव्वदच्या दशकात तिची फाइल सिस्टिम लिहिली. तिच्यात प्रत्येक ईमेल ही वेगळी फाइल. पाठवणारा, विषय, तारीख हे तिचे गुणधर्म. त्यांची सूची आणि शोध दोन्ही फाइल सिस्टिमच्या पोटात. काम देखणं होतं, यात वाद नाही. पण तीच फाइल फॅट फाइल सिस्टिमच्या डिस्कवर टाकली की सगळे गुणधर्म गळून पडत. हाच जिआम्पाओलो २००२ मध्ये ॲपलमध्ये गेला आणि स्पॉटलाइट या शोधयंत्रणेच्या कामाला लागला. २००५ मध्ये मॅकच्या टायगर आवृत्तीबरोबर स्पॉटलाइट आलं, तेव्हा सूची कर्नलबाहेर, एका साध्या पार्श्वभूमीतल्या प्रोग्रामकडे होती. कर्नल फक्त फाइल बदलल्याची वर्दी देतो. बीओएसचे गोडवे गाणारे ही गोष्ट सोयीस्करपणे गाळतात.

२००४ मध्ये हान्स रायझरला बीओएसच्याही पुढे जायचं होतं: त्याच्या रायझर४ या फाइल सिस्टिममध्ये फाइल हीच डिरेक्टरीही, आणि आत शिरलं की तिची माहिती. एकाच फाइलला अनेक हार्ड लिंक असताना या रचनेत लॉकिंग कोलमडेल, असा लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्या ॲल व्हिरोचा आक्षेप होता. रायझर४ मुख्य लिनक्स कर्नलमध्ये कधीच गेलं नाही. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये गाजावाजा करून दाखवलेलं, माहितीचा शोध फाइल साठवणीतच आणू पाहणारं विनएफएसही २००६ मध्ये गुंडाळलं गेलं.

घरच्या लग्नाच्या फोटोंना मी नावं जोडली. फाइल मॅनेजरने ती एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे फाइल सिस्टिमने ठेवलेल्या गुणधर्मांत, लिहिली. फोटो एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर टाकून भावाला दिले, तेव्हा एकही नाव पोचलं नाही, आणि इशाराही कोणी दिला नाही. फोटो काढल्याची तारीख मात्र शाबूत, कारण ती कॅमेऱ्याने फोटोतच, एक्झिफमध्ये, लिहिली होती. वाद इथेच मिटायला हवा. लिनक्सवर कॉपी करणारा साधा सीपी हे गुणधर्म आपणहून नेत नाही, फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या टारला वेगळं सांगावं लागतं, गिट त्यांची नोंदच घेत नाही. मेमरीतल्या टीएमपीएफएसवर वापरकर्त्याचे गुणधर्म ठेवता येण्यासाठी २०२३ उजाडावं लागलं. एक्सटी४ या फाइल सिस्टिमच्या नेहमीच्या मांडणीत त्यांना जेमतेम एका ब्लॉकची, बहुधा ४ किलोबाइटची, जागा. इतक्या तकलादू जागी लोकांच्या आठवणी ठेवायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे.

काहींना तर फोटोतली, गाण्यातली माहिती कर्नलनेच वाचून दाखवायला हवी आहे. बाहेरून आलेली कसलीही फाइल सर्वाधिकार असलेल्या कोडने उलगडायची? ॲप्लिकेशनमध्ये चूक निघाली तर एक प्रोग्राम कोसळतो. कर्नलमध्ये निघाली तर अख्खं यंत्र हल्लेखोराच्या हाती जाऊ शकतं.

पण म्हणून ॲप्लिकेशनवाल्यांना मी मोकळं सोडणार नाही. त्यांचा गुन्हा मोठा आहे. तुम्ही वर्षानुवर्षं दिलेली नावं, तारे, शेरे ते आपल्या खासगी डेटाबेसमध्ये कोंडतात, आणि प्रोग्राम बदलला की तुमचे हात रिकामे. शोध जलद व्हावा म्हणून डेटाबेस खुशाल ठेवा, पण तो पुसला तरी फाइलींवरून पुन्हा उभा राहिला पाहिजे. गाण्याची माहिती गाण्याच्याच फाइलीत, आयडी३ मध्ये, फोटोची फोटोतच, एक्सएमपीमध्ये. फाइलला हात लावायचा नसेल तर शेजारी एक्सएमपीची छोटी फाइल. डिजिकॅम हा फोटोंचा प्रोग्राम हे करतो. एक्सएमपी २००१ पासून आहे आणि २०१२ पासून आयएसओचं मानक आहे. ते न वापरण्यामागे आता आळस तरी असतो, नाहीतर गिऱ्हाइकाला बांधून ठेवायचा हेतू.