काट्यावरचा आकडा म्हणजे तब्येत नव्हे

कुणाचे वजन कमी झाले की आपण लगेच कौतुक करतो. ते कसे कमी झाले, हे मात्र विचारत नाही. माझे स्पष्ट मत आहे की ही सवय घातक आहे. खाण्याचे विकार याच कौतुकावर पोसले जातात.

अति वजनाने मधुमेह, उच्च रक्तदाब आणि गुडघेदुखीचा धोका वाढतो, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो एका आकड्याला तब्येतीचे प्रमाणपत्र मानण्याशी.

तुम्ही मोजता तो बीएमआय म्हणजे किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्यात चरबी किती, स्नायू किती, हे कळत नाही. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून बारीक दिसणाऱ्या माणसानेही पोटाचा घेर, साखर आणि रक्तदाब तपासायला हवा.

याची दुसरी बाजू अधिक दुर्लक्षित आहे. बुलिमियाचे अनेक रुग्ण भरपूर खाऊन मग घशात बोटे घालून ओकतात किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतात. त्यांचे वजन बहुधा 'नॉर्मल' असते, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. नव्वद किलोची मुलगी उपाशी राहून काही महिन्यांत पासष्टवर आली, तर तिचे नाडीचे ठोके धोकादायकरीत्या मंद झालेले असू शकतात. आपण मात्र तिला डाएटचे गुपित विचारतो.

"मनावर घेतलं की जमतं," असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील मिनेसोटाचा प्रयोग लक्षात ठेवावा. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन साधारण पाव हिश्शाने घटले. ते चिडचिडे आणि उदास झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, डोक्यात दिवसभर फक्त जेवणाचे विचार. पुढे पोटभर अन्न मिळाल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबाच सुटला. उपाशी मेंदू असाच वागतो; तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. याच कीज यांनी १९७२ मध्ये 'बीएमआय' हे नाव रूढ केले. आकडा आपण उचलला, उपासमारीचा धडा विसरलो.

या विकारांची किंमत पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. हाडांची बहुतेक भरणी विशीपर्यंत होते. त्या वयात उपासमारीने पाळी थांबली तर इस्ट्रोजेन घटते, हाडे विरळ राहतात आणि ती तूट नंतर पूर्ण भरून येईलच असे नाही. वारंवार ओकण्याने दातांचे आवरण झिजते, रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यूही होऊ शकतो. अ‍ॅनोरेक्सिया हा सर्वाधिक जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे. त्याला 'श्रीमंतांचे नखरे' म्हणणे थांबवा.

घरात लक्ष कशावर ठेवाल? श्रावण संपला तरी न संपणारे उपवास, सगळ्यांसोबत जेवायला टाळाटाळ, जेवणानंतर लगेच बाथरूम, तीन महिने न आलेली पाळी, चक्कर, आणि दिवसातून अनेकदा वजन करणे. मुलांमध्येही हे होते. अशा वेळी रागावू नका आणि बळेच भरवूही नका. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खायला देणे जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या मदतीने रुग्ण बरे होतात, आणि उपचार लवकर सुरू झाले तर शक्यता अधिक. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा खूप अशक्तपणा असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि यापुढे कुणाच्या ताटाकडे किंवा कमरेकडे पाहून शेरा मारू नका. "बारीक झालीस, छान दिसतेस" याऐवजी "बरी आहेस ना? नीट जेवतेस ना?" एवढे विचारा. त्यातून कदाचित एखादा आजार वेळेवर कळेल.