केसावर टांगलेला न्याय

सूक्ष्मदर्शकाखालीं दोन केस सारखे दिसले, म्हणजे ते एकाच मस्तकावरचे, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? असे सारखे केस किती माणसांचे असतात याची गणनाच कोणीं केलेली नव्हती. तरी अमेरिकेंत एफबीआयचे तज्ज्ञ वर्षानुवर्षें तशी साक्ष देत राहिले! २०१५ सालीं त्याच संस्थेनें मान्य केलें कीं, तोंवर तपासलेल्या २६८ खटल्यांपैकीं २५७ खटल्यांत ही साक्ष सदोष होती; त्यांत ३३ आरोपी देहदंडाचे, पैकीं ९ जणांचा दंड अमलांतही आलेला. एका खटल्यांतील १३ केसांपैकीं एकही आरोपीचा नव्हता, एक तर चक्क कुत्र्याचा निघाला. आरोपीनें मात्र २८ वर्षें तुरुंगांत काढलीं. सारेच कांहीं निर्दोष नसतील, असें कोणी म्हणेल. नसतील, पण अपराध सिद्ध करण्याचा भार सरकारवर होता, आणि सरकारचा तज्ज्ञ शपथेवर केवळ अदमास सांगत होता.