दुसऱ्यांचे फॉर्म भरणारी मुले



कळंबच्या आमच्या मोहल्ल्यात बी.ए.ला शिकणारी एक मुलगी आहे. शिष्यवृत्तीचे दिवस आले की तिच्या दारात चपला वाढतात. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधारला जोडलेले बँक खाते, सारे तपासून ती शेजारच्या मुलांचे अर्ज मोबाईलवर भरून देते. कुणाच्या अम्मीसोबत तहसीलला जाते, संध्याकाळी लहानग्यांना गणित शिकवते. मागच्या वर्षी तिचे स्वतःचे टक्के घसरले आणि शिष्यवृत्तीच्या यादीत तिचेच नाव आले नाही. “मॅडम, माझे टक्के दुसऱ्यांच्या फॉर्ममध्ये गेले,” ती हसून म्हणाली. मला हसता आले नाही.

आपल्या बहुतेक शिष्यवृत्त्या दोनच गोष्टी विचारतात : गुण किती आणि घरचे उत्पन्न किती. लोकांसाठी काय केले, याचा रकाना सहसा नसतो. 1969 पासून चाललेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत 240 तास काम करतो. त्याला प्रमाणपत्र मिळते, पण प्रमाणपत्राने फी भरता येत नाही.

वेगळी वाट आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 2006 मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ सुरू केले. सामाजिक प्रश्नावर प्रत्यक्ष काम करू पाहणाऱ्या तरुणांना तिथे ‘कर के देखो’ ही फेलोशिप मिळते. कामालाही पाठबळ लागते, हे तिथे ओळखले गेले.

आपल्याला अशा मुलांची गरज आता जास्त आहे. 2022-23 पासून केंद्राची अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी थांबली, मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद झाली. जे उरले आहे ते तरी हातचे जाऊ नये, म्हणून वेळेत अर्ज भरून देणारे कुणीतरी गल्लीत हवे.

मग आपण काय करावे? दहा घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले, तर वर्षाचे 12,000 होतात. एका मुलीची पुस्तके, बसभाडे, परीक्षा फी यांना मोठा आधार होईल. ही रक्कम जकातीतून नको. जकात हा हकदाराचा हक आहे, तिच्या बदल्यात काम मागता येत नाही. इमदाद म्हणून वेगळी काढावी.

दोन गोष्टी मात्र पाळू या. स्टेजवर बोलावून फोटो काढायचे नाहीत. आणि सेवा योजनेचाच हिशेब धरायचा : वर्षाला 120 तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम अडीच तास. त्याहून जास्त मागितले, तर शिष्यवृत्तीच्या नावाखाली आपण पुन्हा तिचे टक्केच खाऊ.

यंदा तिच्या दारात पहिल्या दिवशी मीच गेले. आधी तिचा फॉर्म भरला, मग बाकीच्यांचे.