पहिली फेरी कोण मारणार?

भायखळ्याच्या माणसाला गवत बघायचं झालं तर त्यानं राणीच्या बागेत जावं, अशी १८६२ सालापासूनची सोय आहे. पण आमची चाळ पडली, टॉवर उभा राहिला आणि टॉवरबरोबर लॉन आलं. लॉनमागोमाग सेक्रेटरींनी कुठूनसं एक जुनं, वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र आणलं. ‘हे वळवायलाच अर्धं लॉन लागेल,’ असं मी मीटिंगमध्ये म्हणालो. माझा मुद्दा मिनिट्स बुकात गेला आणि तिथंच वारला.

हे यंत्र कापलेलं गवत बाजूच्या तोंडातून फेकतं. ते मेंबरांच्या गाड्यांवर बसू लागलं, तेव्हा ठरलं की तोंडच बंद करायचं. गवत आतल्या आत बारीक होऊन जमिनीवरच पडेल. याला मल्चिंग म्हणतात आणि कल्पना उत्तम आहे. त्या चुऱ्यातून हिरवळीची नत्राची जवळजवळ पाव गरज भागू शकते. बँकेतल्या माणसाला हे लगेच पटतं: ज्या खात्यातून काढलं, त्याच खात्यात जमा!

माझं भांडण पद्धतीशी आहे. कमिटीनं वेल्डर बोलावला. तो म्हणाला, "पत्रा लावतो, तारेनं आवळतो, पाचशेत काम!" शिवाय चालवणारा उठला की इंजिन बंद करणारा सीटखालचा स्विच ‘सारखा त्रास देतो’ म्हणून तोही बायपास करायचं ठरलं. एकमतानं! माळ्याला कुणी विचारलं नाही. सीटवर बसणार तोच, एवढंच त्याचं पद.

अहो, पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात फिरतं. तार तुटून पत्रा त्यात सापडला, तर तो कुणाच्या नडगीत शिरेल याचा ठराव कोण करणार? हे कळायला इंजिनिअर लागत नाही, मी बी.कॉम. आहे.

झाकण त्या मॉडेलसाठी बनवलेलंच घ्यावं आणि बोल्टांनी पक्कं बसवावं. बोल्टचं टोकही पात्याच्या वाटेत येता कामा नये. पातंही मल्चिंगचंच हवं, गवत वर उडवून पुन्हा पुन्हा कापणारं. साधं पातं वाकवून, वेल्डिंग करून चालत नाही. खाली हात घालण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात, प्लगची वायर काढलेली. गवत एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये आणि ओलं तर मुळीच नाही. ते आत लगद्यासारखं चिकटतं, आणि मग हात घालायचा मोह होतो.

गंमत म्हणजे, हे यंत्र आपल्याच नात्यातलं. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंगनं ते काढलं, ते कापडगिरणीतलं लव कातरणारं यंत्र पाहून. गिरणी म्हटलं की मला आमच्या चाळीतले साडेतीन बोटांचे काका आठवतात. विडी पेटवताना ते हात आडवा धरत, आणि आम्ही पोरं उरलेली बोटं मोजायचो. त्यांच्याही यंत्राचं गार्ड ‘त्रास देतं’ म्हणूनच काढलं होतं.

पुढच्या मीटिंगला मी एकच सूचना मांडणार आहे. पत्रा खुशाल लावा, स्विचही काढा. फक्त पहिली फेरी ठरावाच्या सूचकानं मारावी. अनुमोदकानं शेजारून चालावं.